वाड्यांना नोटीस देण्याआधी कौले पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मे सरत आला की जुन्या पेठांतल्या दारांवर ‘धोकादायक इमारत’ अशा नोटिसा लागतात. वाईतल्या मधल्या आळीतला आमचा वाडा अशाच नोटिशीनंतर गेला, म्हणून हे पत्र.

वाडा वयाने पडला नाही. सात वारस, दोन जुने भाडेकरू, भाडे नावापुरते. दुरुस्तीचा खर्च कोणी करायचा हे ठरेना. दोन वर्षे कौले शाकारली, म्हणजे काढून पुन्हा नीट बसवली गेली नाहीत. पाणी माळ्यावरून भिंतीत उतरले. त्यातच मातीच्या भिंतीला कुणीतरी सिमेंटचा गिलावा केला. चुन्याच्या गिलाव्यातून भिंत वाळते, सिमेंटने ओल आतच कोंडली आणि तुळयांची भिंतीतली टोके कुजली. दगडी जोते, चौकातले खांब, निम्म्याहून जास्त कडीपाट (तुळयांवरचे लाकडी तक्तपोस) मात्र ठणठणीत होता. टोके बदलली असती तर वाडा उभा राहिला असता, पण पाहणीला आलेल्यांनी तुळया ठोकूनसुद्धा पाहिल्या नाहीत. चार दिवसांत जेसीबी आला. माझ्या आजीची ओसरी ट्रॉलीत भरून जाताना मी पाहिली. कोरीव खांब जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याने नेले.

आपल्या गावाला पाण्याचे वागणे नवीन नाही. 1762 मध्ये गणपतराव रास्त्यांनी घाटावर ढोल्या गणपतीचे देऊळ बांधले, तेव्हा कृष्णेचा पूर दुभंगून जावा म्हणून मागची भिंत माशाच्या आकाराची केली. देवळासाठी एवढा विचार झाला. त्याच घाटामागच्या आळ्यांतल्या घरांसाठी आपण निदान कौलांचा विचार करावा.

मुंबईत वारसा इमारतींची नियमावली 1995 पासून आहे. आपल्या पेठेतल्या वाड्यांचीही यादी व्हावी. नोटीस काढण्याआधी लाकूड आणि चुन्याचे काम जाणणाऱ्या माणसाकडून तपासणी व्हावी. जो मालक वाडा पाडण्याऐवजी दुरुस्त करेल त्याला घरपट्टीत सूट मिळावी. मालकांना दोष देणे मला पटत नाही. सागवान आणि सुतार दोन्ही महाग झाले आहेत, आणि चुना मळणारे गवंडी शोधावे लागतात.

गंगापुरीत, ब्राह्मणशाहीत, आमच्या आळीत अजून काही वाडे उभे आहेत. त्यांची शाकारणी वळवाच्या आधी व्हायला हवी. मृग लागल्यावर छपरावर कोणी चढत नाही.

आपला,
एक वाचक, वाई