टाकीतले गवत सडते, ते का?

महोदय,

मत्स्यालयाच्या दुकानांत ‘पाण्यातले गवत’ म्हणून मोंडो ग्रास आणि ड्रॅसिना सर्रास विकले जातात. ही कुंडीतली झाडे. पाण्याखाली दोन-तीन महिने हिरवी दिसतात, मग बुडापासून सडून पाणी नासवतात. गिऱ्हाईक मात्र आपलेच काहीतरी चुकले असे समजून प्लॅस्टिकच्या गवताकडे वळते.

नवख्याने सरळ व्हॅलिसनेरिया मागावी. बारावीच्या जीवशास्त्रात पाण्यामार्फत होणाऱ्या परागणाच्या धड्यात भेटते तीच ही. पाण्याबाहेर काढताच तिचे पान ओल्या रिबिनीसारखे लोंबते. ताठ उभे राहणारे पाते दिसले तर शंका घ्यावी. बोअरच्या जड पाण्यातही ती खुशाल वाढते, कारण पाण्यातल्या बायकार्बोनेटमधून ती कार्बन घेऊ शकते. कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरची गरज नाही.

दोन फुटी टाकीत (सुमारे 55 लिटर) मागच्या काचेलगत दोन-दोन इंचांवर आठ-दहा रोपे पुरतात. 2-3 मिमीची खडी, थर दोन-अडीच इंचांचा. रोप जरा खोल खोचावे आणि हलकेच वर ओढावे. मुळे व पाने जिथे जुळतात तो पांढरट भाग खडीच्या वर दिसलाच पाहिजे. तो गाडला गेला की रोप कुजते.

लावल्यावर पहिल्या पंधरवड्यात जुनी पाने काचेसारखी पारदर्शक होऊन गळतात. इथेच बहुतेक जण रोप उपटून फेकतात. मुळे पांढरी, घट्ट असतील तर हात लावू नये. मधून नवे पान येते आणि पुढे हरळीसारखी धावती खोडे सुटतात. शेवाळावर म्हणून मिळणारे ‘लिक्विड कार्बन’ मात्र टाळावे. त्यातल्या ग्लुटराल्डिहाइडने व्हॅलिसनेरिया विरघळते. शेवाळ वाढले तर दिवा सात तासांवर आणावा, माशांचे खाणे कमी करावे. नवी पाने पिवळी पडली तर लोह कमी पडते आहे असे समजून मुळांशी खताची गोळी खोचावी. पान वरून कातरल्यास टोक तपकिरी पडते, म्हणून बुडातून काढावे. गोल्डफिश असतील तर मुळांशी चार दगड ठेवावेत, नाहीतर सकाळी रोपे तरंगताना दिसतील.

पुढच्या भागाला ठेंगणी सॅजिटेरिया बरी. हेअरग्रास या केसासारख्या बारीक गवताला उजेड जास्त लागतो, सुरुवातीला तिच्या नादी लागू नये.

वाढलेली रोपे तळ्यात वा ओढ्यात सोडू नयेत. सॅजिटेरिया मूळची अमेरिकेतली आहे, इथल्या पाण्यात ती फोफावू शकते. उन्हात वाळवून कुंडीत खत म्हणून घालावीत.

– एक वाचक, ठाणे