रेडिओ ऐकत नाहीत की लागतच नाही?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आता रेडिओ कोण ऐकतंय, असं जो तो म्हणतो म्हणून हे पत्र लिहितेय. मी भोर तालुक्यात डोंगराच्या कुशीतल्या एका गावात शिलाईकाम करते, दुकानात सकाळपासून रेडिओ चालू असायचा. आता नसतो. गाणी नकोशी झाली म्हणून नाही, मशीनच्या आवाजात ती खरखर आणखी डोक्यात जायला लागली म्हणून बंद केला.

पुणे काही फार लांब नाही, पण एफएमची लहर साधारण सरळ रेषेत जाते, मध्ये डोंगर आला की त्याच्यामागे सावली पडते आणि आमचं गाव बरोबर त्या सावलीत. लहानपणी वडील मीडियम वेव्हला 792 वर पुणे केंद्र लावायचे, ती लांब लहर डोंगराला न जुमानता यायची, आवाज जाडाभरडा पण शब्द न शब्द कळायचा. एफएमचा आवाज त्याहून कितीतरी स्वच्छ, पण घरात पोचला तर ना!

मी काही लगेच हार मानली नाही. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका काकांनी समजावलं की 100 मेगाहर्ट्झच्या आसपास लहरीची लांबी 3 मीटर, तिच्या पावपट म्हणजे 75 सेंटिमीटर तार लाव. टेप घेतली, साडेएकोणतीस इंच तार कापली, पत्र्याखालून काढून खिडकीबाहेर उभी बांधली आणि सेटचं बटण स्टिरिओवरून मोनोवर केलं, कारण स्टिरिओला सिग्नल जास्त लागतो. निम्मी खरखर गेली. पण हे सगळं किती जणी करणार? माझ्याकडे ब्लाऊज शिवायला येणाऱ्या बायकांच्या फोनमध्ये एफएम असतं, त्याला हेडफोनची वायरच अँटेना म्हणून लागते, वायर न लावता लावून बघतात, काही येत नाही, मग डाऊनलोड केलेली गाणी लावतात. एकदा तिकडे गेलेलं माणूस परत रेडिओकडे येत नाही हो. मग आपण म्हणायचं लोकांची आवड बदलली.

आणि गाणी कुठेही मिळतील, पण जुलै 2021 मध्ये घाटापलीकडे महाडला दरडी कोसळल्या त्या दिवसांत आमच्याकडे लाईट नव्हती, मोबाईलला रेंज नव्हती. सेलवर चालणारा रेडिओ घरात होता, पण त्यावर नुसती खरखर, घाट चालू आहे का बंद, कुठे काय झालंय, काही कळत नव्हतं. तेव्हा फार जीव तळमळला.

एप्रिल 2023 मध्ये देशात 100 वॉटचे 91 नवीन एफएम ट्रान्समीटर सुरू झाले, ही चांगलीच गोष्ट झाली. त्यातून 35 हजार चौरस किलोमीटर भागात रेडिओ पोचेल असं सांगितलं होतं, म्हणजे एकेकाच्या वाट्याला सरासरी 385 चौरस किलोमीटर. आमच्यासारख्या डोंगरी तालुक्यांना असाच छोटा ट्रान्समीटर हवाय, फक्त तो खाली बाजारपेठेत न बसवता एखाद्या डोंगराच्या माथ्यावर बसवावा. वॉट तेवढेच ठेवले तरी उंचीने खूप फरक पडतो, सपाटीवर मनोऱ्याची उंची चौपट केली तर नजरेच्या टप्प्यातलं अंतर दुप्पट होतं, आणि इथे तर निसर्गानेच मनोरे उभे करून ठेवलेत.

दुसरं असं की जुने मीडियम वेव्ह ट्रान्समीटर देशात एकेक करून बंद होतायत. कुठलाही बंद करण्याआधी कुणीतरी एक साधा सेट घेऊन त्या त्या भागातल्या वाड्यावस्त्यांवर फिरावं, पत्र्याच्या घरात बसून एफएम लावून बघावं, आणि जिथे लागत नाही तिथे आधी सोय करावी. श्रोते किती हे विचारायला येणाऱ्यांनीही पहिला प्रश्न तोच विचारावा, तुमच्याकडे लागतो का?

माझी खिडकीतली तार अजून तशीच आहे, काढलेली नाही.

– एक श्रोती, भोर तालुका