आईच्या आंघोळीला हातभार लावणाऱ्यांचे आभार

नावं लिहू नका असं तुम्हीच बजावलंत, म्हणून हे बिननावाचे आभार.

आईचा अल्झायमर आता शेवटच्या टप्प्यात आहे. डोक्यावर पाणी पडलं की ती किंचाळायची, ओरबाडायची. नाशिकची जानेवारीतली थंडी, गार फरशी, त्यात आपले कपडे कोण काढतंय हेच कळत नाही. कोणीही ओरडेल.

पंचवटीतून येणाऱ्या मावशी, ती झटापट तुम्ही थांबवलीत. आधी बाथरूम उबदार करायचं, पाणी कोपराने बघायचं. आईच्या हातात नॅपकिनची घडी द्यायची, म्हणजे हातांना काम. अंगावर मोठा टॉवेल तसाच ठेवून सुरुवात पायांपासून. धुवायचा तेवढाच भाग उघडा, लगेच टिपून झाकायचा. चेहरा आणि केस अगदी शेवटी, ओल्या फडक्याने. "आजी, आता डावा पाय हं!" असं दर वेळी सांगून. तिने नकोच म्हटलं तर त्या दिवशी पलंगावरच कोमट टॉवेलने पुसून घेणं. रोज डोक्यावरून आंघोळ झालीच पाहिजे हा आमचा हट्ट तुम्ही हसत हसत मोडलात. काखा, जांघा, छातीखालची घडी मात्र पूर्ण कोरडी केल्याशिवाय कधी सोडली नाहीत.

डायपर बदलताना माकडहाड आणि टाचांवरची लाली रोज बघायला शिकवणाऱ्या सिस्टर, तुमच्यामुळे बेडसोअर, म्हणजे पडून पडून होणारी जखम, वेळीच टळला.

आणि खालच्या मजल्यावरचे काका, आंघोळीची खुर्ची अजून लागणार आहे. मागायला येऊ नका!