काका, त्या स्ट्रिपा अजून जपून ठेवल्यात

काका, नमस्कार.

परवा डॉक्टर मॅडम म्हणाल्या, आता गोळीचा डोस हळूहळू कमी करायला घेऊया. केबिनमधनं बाहेर आलो आणि घरात फोन करायच्या आधी तुमची आठवण आली. तोंडावर हे मला बोलता येणार नाही, आताच गळा दाटून येतोय, म्हणून लिहितोय. तुमचं नाव आणि तुमच्या मेडिकल दुकानाचं नाव मुद्दाम घालत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही.

तुम्हाला माझं मागचं काहीच माहीत नाही. शाहूपुरीत घर आमचं. २०१९ ला पुराचं पाणी आलं तेव्हा खालच्या दोन्ही खोल्या गेल्या, २०२१ ला परत तेच. दोन्ही वेळेला आईला, पोरीला बाहेर काढणारा आणि नंतर चिखल उपसणारा मीच, तेव्हा मला काही झालं नाही. झालं ते पाणी ओसरून चार महिने झाल्यावर, सगळं सुकलतं, भिंतींना रंग पण लावून झालता. गाडीवरनं शिरोली एमआयडीसीला कामाला चाललतो, पंचगंगेच्या पुलावर आलो आणि अचानक छाती अशी धडधडायला लागली की काय विचारू नका, हाताला मुंग्या, दरदरून घाम, श्वास पुरेना, डोक्यात एकच की मी आता इथंच मरणार. गाडी कडेला लावून कठडा धरून उभा राहिलो. दहा-पंधरा मिनिटांत उतरलं सगळं, पण त्या दहा मिनिटांनी माझी पुढची दीड वर्षं खाल्ली.

त्या दीड वर्षात तीन ईसीजी काढले, टूडी इको, थायरॉइड, बी ट्वेल्व्ह, सगळं नॉर्मल. आणि रिपोर्ट नॉर्मल आला की समोरचा माणूस मोकळा. एक जण म्हणाला गॅस आहे, एक जण म्हणाला टेन्शन घेऊ नका, पुढचा पेशंट पाठवा. हृदय चांगलं आहे हे बघायलाच पाहिजे, त्याबद्दल माझी तक्रार नाही, पण हृदय चांगलं असताना माणूस रात्री दोनला उठून दारात का बसतोय हे एकालाही विचारावंसं वाटलं नाही. पॅनिक अटॅक एवढे दोन शब्द कुणी तोंडातनं काढले असते तर मला कळलं तरी असतं की ह्याला नाव आहे, हे दुसऱ्यांनाही होतंय, आणि ह्याच्यावर उपाय आहे.

बाकीच्यांचं तर विचारूच नका. आमच्या घरात आजोबांची गदा आहे, मंगळवार पेठेच्या तालमीतला माणूस, त्यामुळं ‘पैलवानाचा नातू आणि घाबरतोस?’ हे मी किती वेळा ऐकलं त्याला हिशोब नाही. मित्र म्हणाले दोन पेग मार, झोप लागंल. लागायची, पण पहाटे तीनला दुप्पट धडधडत जाग यायची. एकानं आईकडनं पैसे घेऊन पाच अमावास्या करायला लावल्या, ते पैसे पुरानंतर फ्रीज घ्यायला साठवलेले होते. हे मी विसरणार नाही.

मी पूल ओलांडायचं सोडलं, मग गाडी सोडली, मग नोकरी गेली. त्यानंतर भीती पण राहिली नाही, काहीच राहिलं नाही. चार-चार दिवस अंघोळ नाही, पोरगी चित्र दाखवायला आली तर मान वर करून बघायचं पण होईना. आपण नसलो तर ह्यांचं ओझं कमी होईल असं वाटायला लागलं आणि ते मी बायकोला बोलून गेलो. तिनं त्याच रात्री कुठनंतरी शोधून १४४१६ लावला, टेलिमानस, सरकारी आहे, चोवीस तास आणि फुकट. पलीकडचा माणूस मराठीत शांतपणे बोलला, उद्याच्या उद्या मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा म्हणाला, आणि तसं आम्ही ह्या मॅडमपर्यंत पोचलो.

मॅडमनी चिठ्ठी दिली ती घेऊन मी आधी तुमच्याकडं नाही आलतो. घराजवळच्या एका मेडिकलमध्ये गेलतो. त्यानं चिठ्ठी वाचली आणि चार गिऱ्हाइकांसमोर मोठ्यांदा म्हणाला, ‘ह्या डोक्याच्या गोळ्या कुणाला पायजेत? सवय लागती बघा.’ चिठ्ठी परत घेऊन मी घरी आलो आणि ती तीन आठवडे कपाटात पडून राहिली. तीन आठवडे, काका. त्या माणसाच्या ते लक्षात पण नसेल.

मग बायकोनं तुमच्याकडनं गोळ्या आणल्या आणि मी सुरू केल्या. पहिल्या आठवड्यात उलट जास्तच झालं, मळमळ, हातपाय शिवशिवायचे, एका जागी बसवेना. मॅडमनी हे आधी सांगितलतं, पण तेव्हा माझ्या डोक्यात काही शिरतच नव्हतं. नवव्या दिवशी दुपारी मी उरलेल्या गोळ्या पिशवीत घालून तुमच्या काउंटरवर आलो आणि विचारलं, परत घेता काय.

तुम्ही नाही म्हणाला नाही आणि हो पण म्हणाला नाही. फळी उचलून मला आत घेतलं आणि तुमचं स्वतःचं स्टूल सरकवलं. ‘कितवा दिवस?’ म्हणालात. मी म्हटलं नववा. ‘ह्या गोळीला वेळ लागतोय, दोन-चार आठवडे, कुणाला सहा बी लागतात. पण तुमचं काय करायचं ते मी सांगायचं नाही, मी डॉक्टर नव्हं,’ असं म्हणून तुम्ही चिठ्ठीवरचा नंबर लावलात आणि फोन माझ्या हातात दिलात. मॅडम म्हणाल्या डोस आहे तोच ठेवा, सकाळी खाल्ल्यावर घ्या, शुक्रवारी दाखवायला या.

इथपर्यंत कुणीही चांगल्या दुकानदारानं केलं असतं. पुढचं कुणी केलं नसतं.

मी उठायला लागलो तर तुम्ही म्हणालात, बसा. पिशवीतनं स्ट्रिपा काढल्यात, एकीत दोन गोळ्या उरलेल्या आणि दोन अख्ख्या, म्हणजे बावीस. उलट्या करून काचेवर ठेवल्यात आणि बॉलपेन घेतलात, पण पहिल्याच गोळीवर त्याचं टोक चांदीत घुसायला लागलं, म्हणून खोक्यांवर लिहायचा काळा मार्कर शोधून आणलात आणि प्रत्येक गोळीच्या मागं तारीख घातलीत. घाई नाही, एक लिहायची, फुंकर मारून वाळवायची, मग दुसरी. मध्येच एक गिऱ्हाईक आलं, खोकल्याचं औषध पाहिजे होतं त्याला, दोनदा हाक मारली त्यानं, आणि तुम्ही वर न बघता म्हणालात, ‘जरा थांबा, काम चाललंय.’

काम चाललंय. दीड वर्षात पहिल्यांदा कुणीतरी मला काम समजलं, नाटक नाही, नखरे नाही, कटकट नाही. शेवटच्या गोळीवर तारीख घालून तिच्याभोवती गोल केलात आणि म्हणालात, ‘ह्या दिवशी या. गोळ्या न्यायला नाही, कसं वाटतंय ते सांगायला.’

घरी येऊन मी त्या स्ट्रिपा देवाच्या फळीवर ठेवल्या. तोपर्यंत माझ्यासमोर एक भलंमोठं ‘कायम असंच’ होतं, आणि तुम्ही त्याचे बावीस तुकडे करून दिलात, रोज सकाळी एक फोडायचा. फोडताना तारीख मधनंच फाटायची. एकोणिसाव्या दिवशी पहाटे जाग आली तर छातीत धडधड नव्हती, किती वेळ तसाच पडून वाट बघितली तिची. मग उठून चालत गंगावेशीत गेलो आणि दूध कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध प्यालो. नुसतं दूधच ते, पण चव लागली हो काका, कितीतरी महिन्यांनी कशाचीतरी चव लागली.

गोल केलेल्या दिवशी आलो तेव्हा पाऊस नव्हता, कडक ऊन होतं, आणि तुम्ही बोलता बोलता म्हणालात, ‘पाऊस नाही, नदी तळाला गेलीय, आणि राजाराम बंधाऱ्याचा आकडा त्रेचाळीस फूट दाखवायला लागला तर आपण नदीला घाबरणार काय? आकडा दाखवणारं बघायला पायजे.’ पंचगंगेचं पाणी ह्या बंधाऱ्यावर फुटात मोजतात, कोल्हापुरात पावसाळ्यात बारकं पोरगं पण सांगतंय, एकोणचाळीस इशारा आणि त्रेचाळीस धोका. धोका नसताना माझी छाती का धडधडती हे आईला मी दीड वर्ष समजावू शकलो नाही, ते घरी जाऊन सांगितलेल्या तुमच्या ह्या एका वाक्यानं तिला समजलं. त्या दिवसापासनं ती मला ‘आज किती फूट?’ विचारती आणि मी खरं सांगतो.

सगळं गोळीनंच झालं असं नाही. समुपदेशक ताईंनी माझ्याकडनं पूल परत करून घेतला, आधी पुलाच्या अलीकडं तावडे हॉटेलपर्यंत जाऊन नुसतं उभं राहायचं, भीती चढली तरी पळायचं नाही, ती आपोआप उतरेपर्यंत थांबायचं, मग केएमटीच्या बसनं पूल ओलांडून पुलाची शिरोली गावात उतरायचं आणि माघारी यायचं. बारा-तेरा वेळा केलं. आता परत शिरोलीतच कामाला जातोय, दुसऱ्या कारखान्यात, स्वतःच्या गाडीवरनं. अजून कधीतरी पुलावर छाती धडधडती, धडधडू दे म्हणतो आणि तसाच पुढं जातो.

पण ताईंपर्यंत पोचायला मी गोळ्यांवर टिकायला पाहिजे होतो, आणि नवव्या दिवशी मी सोडायला निघालतो. मोठ्या पाट्यांच्या दवाखान्यात मला कुणी बसा म्हटलं नाही आणि तुम्ही स्वतःचं स्टूल दिलंत, ते देताना तुम्हाला मी कोण कुठला हे पण माहीत नव्हतं. पुरात पण हेच बघितलंय मी, ज्यांचं घर स्वतः पाण्यात होतं तीच पोरं कमरेएवढ्या पाण्यातनं दुसऱ्यांना दूध पोचवत होती. अशी माणसं बोलून दाखवत नाहीत, म्हणून मी बोलतोय.

त्या तीन स्ट्रिपा अजून माझ्याकडं आहेत, रिकाम्या, तारखा फाटून अर्धे अर्धे आकडे राहिलेत. बायको म्हणती फ्रेम करूया.

मॅडमनी आता नवीन चिठ्ठी दिलीय, एकदम बंद करायची नाही, टप्प्याटप्प्यानं कमी करायची, कुठल्या दिवशी किती ते सगळं लिहून दिलंय. शनिवारी दुपारी गिऱ्हाईक कमी असतंय तेव्हा येतो. मार्कर काढून ठेवा.