रेड ओक जहाजावरच्या आजोबांना, मनापासून थँक्यू

आजोबा, नमस्कार.

मागच्या रविवारी कॅलिफोर्नियातल्या रिचमंडला रेड ओक व्हिक्टरी हे दुसऱ्या महायुद्धातलं जहाज बघायला आलेली मराठी फॅमिली आठवतेय का, सहावीतली मुलगी, हातात वही? ते आम्ही. मराठीत लिहितेय कारण मनातलं मला मराठीतच नीट सांगता येतं, लेक तुम्हाला इंग्लिशमध्ये वाचून दाखवेल.

तिचा प्रोजेक्ट होता दुसऱ्या महायुद्धातली अमेरिका. आकडे आम्ही घरूनच गोळा करून आणले होते, उद्योगपती हेन्री कैसरच्या इथल्या चार जहाजबांधणी यार्डांत मिळून 747 जहाजं, त्यातलं रॉबर्ट ई. पीअरी तर 1942 मध्ये पाच दिवसांच्या आत पाण्यात उतरवलेलं. तुम्ही वही बाजूला ठेवायला लावलीत, तिची बोटं धरून पत्र्याच्या जोडावरून फिरवलीत, रंगाच्या थरांखाली तो वेल्डिंगचा उंचवटा हाताला लागला आणि तुम्ही म्हणालात, हे कुणीतरी बसून हातानं भरलंय. युद्धकाळातल्या पोस्टरवरची कामगार बाई, रोझी, रिव्हेट म्हणजे पत्रे जोडणारे खिळे ठोकणारी, पण इथल्या बायका जास्त करून वेल्डिंग करायच्या, आणि तुमची आई त्यांच्यातलीच, रात्रपाळीला. तुम्ही तेवढा वेळ पाळणाघरात. हे सांगताना तुमचा आवाज जरा बसला होता.

मग तिनं नावाबद्दल विचारलं. रेड ओक म्हणजे आयोवातलं साडेपाच हजार वस्तीचं गाव, तिथली पोरं लष्कराच्या एकाच तुकडीत भरती झालेली, फेब्रुवारी 1943 मध्ये ट्युनिशियात कासरीनच्या लढाईत सापडली आणि मार्चमध्ये गावात तारांवर तारा यायला लागल्या, मुलगा बेपत्ता, मुलगा बेपत्ता. पुढे कळलं की त्यातले बरेच जर्मनांच्या कैदेत होते, पण त्या आयांना तेव्हा काय माहीत. हे ऐकून मी डेकवर तशीच उभी राहिले, कारण आमच्या साताऱ्याकडे सैनिकांची गावं आहेत आणि तारवाला दिसला की काय व्हायचं ते मी आजीकडून ऐकलंय.

आणि खरं थँक्यू पुढच्या गोष्टीसाठी. लेकीनं विचारलं, माझ्या जपानी वंशाच्या वर्गमैत्रिणीच्या पणजीला युद्धात कॅम्पमध्ये कोंडून का ठेवलं होतं, ती तर इथलीच होती ना? मला वाटलं तुम्ही विषय बदलाल. तुम्ही खाली बसलात, तिच्या डोळ्यांत बघून सांगितलंत की 1942 च्या फेब्रुवारीत राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टनी ऑर्डर काढली, सव्वा लाखाच्या आसपास जपानी वंशाची माणसं उचलून अशा कॅम्पमध्ये ठेवली, बहुतेक अमेरिकन नागरिक, रिचमंडमध्ये गुलाब आणि कार्नेशनची शेती करणारी कुटुंबंसुद्धा. काळ्या कामगारांना युनियनमध्ये वेगळं काढून वर्गणी तेवढी घ्यायचे हेही सांगितलंत. तुमच्या आईच्या जहाजाचा अभिमान आणि हे, दोन्ही एकाच दमात, काही न लपवता. अकरा वर्षांच्या मुलीला एवढा मान कुणी देत नाही हो.

तिच्या चार्टवर आता आकडे खाली गेलेत आणि वर मोठ्या अक्षरात रेड ओक, बाजूला तिनं तो जोड पेन्सिलनं काढलाय. येत्या रविवारी परत येतोय, चार्ट घेऊन. तिला एकच विचारायचंय, तेव्हा रिचमंडमध्ये खोल्या मिळत नव्हत्या, एकेक पलंग पाळीपाळीनं भाड्यानं द्यायचे असं तुम्ही म्हणालात, मग रात्रपाळीवरून आलेली तुमची आई दिवसा झोपायची कुठे?