सोलापूरच्या शोधांची तारीख हुकू नये म्हणून : केंद्रीय वाणिज्य व उद्योग मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. केंद्रीय वाणिज्य व उद्योग मंत्री,
नवी दिल्ली

महोदय,
स. न. वि. वि.

पेटंट कायदा १९७० च्या कलम ३१ खाली आपल्या खात्याने प्रदर्शनात मांडलेल्या शोधांना सवलत देणारी एक अधिसूचना काढावी आणि पेटंट नियम २००३ मधल्या नियम ९ मध्ये अर्जाच्या भाषेबद्दल एक वाक्य वाढवावे, या दोन मागण्यांसाठी हे पत्र आहे. दोन्हींसाठी संसदेत जावे लागत नाही आणि दोन्हींना खर्च जवळजवळ नाही.

आधी अधिसूचनेचे. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराची यात्रा भरते, होम मैदानावर गड्डा, म्हणजे जत्रेचा बाजार, लागतो. हिवाळ्याच्या त्याच दिवसांत शहरात शेती आणि उद्योगाची प्रदर्शने होतात. डाळिंबाची प्रतवारी करणारे यंत्र, फवारणीचा नवा नोझल, टॉवेलच्या काठाची शिलाई आपोआप मारणारी जोडणी, असे काहीतरी स्टॉलवर येते. बनवणारा माणूस उत्साहाने झाकण उघडतो, आतली यंत्रणा समजावून सांगतो, बघणारे मोबाइलवर चित्रण करतात. कायद्याच्या दृष्टीने शोध त्या क्षणी जाहीर झाला. दुसऱ्या दिवशी त्याच माणसाने अर्ज केला, तरी पेटंटसाठी लागणारे नावीन्य गेलेले असते. ते त्याने स्वतःच्याच हाताने घालवलेले असते आणि कायदा त्यातून सूट देत नाही.

सूट द्यायची सोय कायद्यात आहे, ती म्हणजे कलम ३१. केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रदर्शनात शोध मांडला आणि प्रदर्शन सुरू झाल्यापासून १२ महिन्यांच्या आत अर्ज केला, तर त्या मांडणीमुळे नावीन्य जात नाही. २०२४ च्या दुरुस्तीने अशी सवलत मागण्यासाठी फॉर्म ३१ सुद्धा आणला. फॉर्म आहे, पण प्रदर्शनच अधिसूचित नसेल तर तो भरून उपयोग काय? सोलापूर जिल्ह्यातल्या शासकीय आणि विद्यापीठीय प्रदर्शनांना हे कलम लागू करावे, एवढीच पहिली मागणी. अधिसूचना प्रदर्शनाआधी निघावी. मागाहून काढलेल्या अधिसूचनेवर वाद घालायला प्रतिस्पर्ध्याला आयते निमित्त मिळते.

ही सवलत देशापुरती आहे, हेही अधिसूचनेसोबत स्टॉलधारकांना सांगायला हवे. युरोपात अशी सवलत अगदी मोजक्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनांनाच आहे. टॉवेल निर्यात करणाऱ्याने तिकडेही हक्क मागायचा असेल, तर आधी अर्ज आणि मग स्टॉल हाच क्रम ठेवावा. कारखान्यातल्या चाचणीचा नियम वेगळा. कलम ३२ प्रमाणे, शोधाचे स्वरूपच असे असेल की चाचणी लोकांसमोर घ्यावी लागते, तर अर्जाआधीच्या एका वर्षातली वाजवी चाचणी चालते. तरीही दुसऱ्याच्या शेडमध्ये माग लावण्यापूर्वी गोपनीयतेचा लेखी करार करून घ्यावा. तोंडी भरवसा सुनावणीत टिकत नाही.

आता दुसरी मागणी, आणि आमच्या मते जास्त महत्त्वाची. नियम ९ प्रमाणे अर्जाची कागदपत्रे हिंदी किंवा इंग्रजीत द्यावी लागतात. मराठी चालत नाही. एकट्या शोधकाने ऑनलाइन अर्ज केला तर सरकारी फी १,६०० रुपये आहे, परीक्षणाच्या विनंतीचे ४,००० रुपये. म्हणजे सरकारी फी कुणालाही अडवत नाही. अडते ते लिखाण. ते करून देणारा मिळेपर्यंत महिने जातात, तोवर वस्तू बाजारात जाते आणि तारीख हुकते.

प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरत्या, अर्जाची सोय याचसाठी आहे. आज प्रोव्हिजनल टाकला की आजची तारीख मिळते आणि कम्प्लीट स्पेसिफिकेशन, म्हणजे शोधाचे पूर्ण वर्णन, द्यायला १२ महिने मिळतात. ते दिले नाही तर अर्ज सोडून दिला असे धरतात. पण ‘नाव टाकून ठेवले, तपशील नंतर’ हा समज घातक आहे. प्रोव्हिजनलमध्ये जे लिहिले आहे त्यालाच ती तारीख मिळते. कम्प्लीटमध्ये नव्याने घातलेल्या गोष्टीला नंतरची तारीख लागते.

टॉवेलच्या मागाचे उदाहरण घेऊ. त्यावर ताण्याचे (उभ्या धाग्यांचे) दोन बीम, म्हणजे रूळ, असतात, एक ग्राउंडचा (पायाच्या विणीचा) आणि एक पाइलचा (फाशांचा). तीन बाण्यांच्या (आडव्या धाग्यांच्या) टेरीत, म्हणजे फाशांच्या कापडात, पहिल्या दोन बाण्यांना फणी कापडापासून थोडी अलीकडेच थांबते आणि तिसऱ्याला पूर्ण ठोका देते. तीनही बाणे एकदम पुढे सरकतात. ग्राउंडचा ताणा घट्ट असल्याने जागेवर राहतो, सैल सोडलेला पाइलचा धागा मात्र त्यांच्याबरोबर ओढला जाऊन वर उचलतो आणि फासा तयार होतो. अडचण अशी की बीम रिकामा होत जातो तसा त्याचा व्यास कमी होतो. ब्रेकची पकड तीच ठेवली तर धाग्यावरचा ताण वाढत जातो, फासे आखूड पडतात आणि बीमच्या शेवटी निघालेल्या टॉवेलचे वजन कमी भरते. बीमवर टेकलेल्या दांड्याने ब्रेक सैल करत जाण्याची युक्ती जुनी आहे, तिच्यावर पेटंट मिळणार नाही. समजा, एखाद्या जॉबरने (माग लावणाऱ्या-दुरुस्त करणाऱ्या कारागिराने) ती सोडून कापड गुंडाळणाऱ्या रोलरजवळ फाशाची उंचीच मोजली आणि त्यावरून ब्रेक हलवला. हे वेगळे आहे.

आता त्याच्या प्रोव्हिजनलमध्ये ‘टॉवेलच्या मागावर ताण एकसारखा ठेवणारे यंत्र’ एवढेच असेल आणि उंची मोजण्याची जोडणी दहा महिन्यांनी कम्प्लीटमध्ये आली, तर मधल्या काळात शेजारच्या शेडमध्ये तीच जोडणी उघडपणे चालू झालेली असली की संपले. पहिल्या दिवशीच कागदावर हवे ते असे : कोणता भाग कशाला टेकतो, आधी काय हलते आणि मग काय, उंची किती मर्यादेत मोजली जाते, ब्रेक स्प्रिंगने सैल होतो की वजनाने की हवेच्या दाबाने, आणि कोणत्या परिस्थितीत जोडणी चुकते. आकड्यांनी खुणा केलेली हाताची आकृतीही चालते. मुख्य क्लेममध्ये, म्हणजे हक्क नेमका कशावर हे सांगणाऱ्या वाक्यात, ‘ताण बदलणारा घटक’ असे म्हणावे आणि स्प्रिंग, वजन, हवेचा सिलिंडर हे पुढच्या उपक्लेममध्ये घालावेत. मुख्य क्लेममध्येच स्प्रिंग लिहिली, तर प्रतिस्पर्धी वजन टांगून मोकळा होतो. उलट ‘ताण राखणारे कोणतेही साधन’ असे लिहिले, तर परीक्षक जुने दस्तऐवज समोर ठेवतो आणि क्लेम पडतो. क्लेम नंतर अरुंद करता येतो, रुंद करता येत नाही.

हा सगळा तपशील जॉबरला तोंडपाठ असतो, मराठीत. इंग्रजी मसुदा समोर आला की तो न वाचता सही करतो, त्यामुळे काय राहून गेले हे सांगू शकणारा एकमेव माणूस गप्प बसतो. म्हणून नियम ९ मध्ये एवढेच वाढवा : ‘प्रोव्हिजनल स्पेसिफिकेशन संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत दाखल करता येईल, त्याचे हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर कम्प्लीट स्पेसिफिकेशनसोबत द्यावे.’ भाषांतरात नवी माहिती घुसडली जाईल, अशी हरकत निघेल. मूळ मराठी मजकूर नोंदीत राहणारच आहे, त्यात नसलेल्या गोष्टीला नंतरची तारीख द्यावी, वाद मिटला. अमेरिकेत प्रोव्हिजनल अर्ज कोणत्याही भाषेत चालतो. म्युनिकचे युरोपीय पेटंट कार्यालयही कोणत्याही भाषेतला अर्ज घेते आणि भाषांतराला दोन महिने देते. सोलापूरच्या माणसाला स्वतःच्या भाषेत अर्ज करता येतो तो म्युनिकला, मुंबईला नाही, ही गंमत आपल्या नजरेस आणून देणे भाग आहे.

पुढच्या मुदतींबद्दल थोडक्यात. २०२४ च्या दुरुस्तीनंतर परीक्षणाची विनंती ४८ ऐवजी ३१ महिन्यांत करावी लागते. चुकली तर अर्ज मागे घेतला असे समजतात. पहिल्या परीक्षण अहवालाला उत्तर द्यायला सहा महिने, वाढवून आणखी तीन. अहवाल ईमेलवर येतो, आणि तो पत्ता एजंटाचा असेल, एजंट बदललेला असेल, तर शोधकाला कळतही नाही. या तारखांचा संदेश शोधकाच्या मोबाइलवर मराठीत जावा, एवढी सोय पेटंट कार्यालयाला जड नाही. पेटंट मिळाल्यावर, अर्जाच्या तारखेपासून मोजलेल्या तिसऱ्या वर्षापासूनचे नूतनीकरण लागते. व्यक्तीसाठी वर्षाला ८०० रुपयांपासून सुरू होऊन शेवटच्या पाच वर्षांत ते ८,००० रुपये होते. पूर्ण २० वर्षे चालवले तर एकूण ७६,८०० रुपये. ज्याची वस्तू विकत नाही त्याने ते सोडून द्यावे, उगाच भरत बसू नये.

चादरीच्या नक्षीसाठी पेटंट मागायला येणारे असतात. नक्षी डिझाइन कायदा २००० खाली जाते, व्यक्तीला फी १,००० रुपये, संरक्षण १० अधिक ५ वर्षे. सोलापुरी चादरीचे भौगोलिक मानांकन नावाचे रक्षण करते, मागातल्या यंत्रणेचे नाही. डाळिंबाचा बहार धरण्याची पद्धत, म्हणजे पाणी तोडणे आणि पानगळ करणे, कलम ३ प्रमाणे पेटंटच्या बाहेर आहे, कारण ती शेतीची पद्धत. नवे वाण असेल तर २००१ चा वाण संरक्षण कायदा आहे. फवारणीचे यंत्र मात्र पेटंटमध्ये बसते. माणसावर उपचार करण्याची पद्धतही बाहेर, उपकरण आत.

उपकरणांवरून आठवले, सलाइन संपत आल्यावर वाजणारा गजर. अभियांत्रिकीच्या प्रकल्पांत तो सतत भेटतो आणि परीक्षणात सतत पडतो. बाटली वजनकाट्याला टांगायची आणि वजन उतरले की बझर, हे जुने आहे. खरी अडचण पुढे आहे. रुग्ण कूस बदलतो, स्टँडला धक्का लागतो, बाटली झुलते आणि गजर उगाच वाजतो. थेंब मोजणारा प्रकाशसंवेदक वापरला तर खिडकीतले ऊन किंवा नळीच्या भिंतीवर उडालेले तुषार त्याला फसवतात. तीनदा खोटा वाजलेला गजर परिचारिका बंद करून ठेवते. खोटा गजर कसा टाळला, शोध असेल तर तो तिथे आहे आणि अर्जात तेच आधी यायला हवे. हे काम निव्वळ प्रोग्रॅमने केले तर कलम ३(के) ची, म्हणजे नुसत्या संगणक प्रोग्रॅमला पेटंट नाही अशी, हरकत येते. संवेदकाची मांडणी आणि प्रोग्रॅम यांचा एकत्रित तांत्रिक परिणाम आकड्यांनी दाखवला तर अर्ज टिकण्याची शक्यता वाढते.

पेटंटची दुसरी बाजू म्हणजे दुसऱ्याचे पेटंट वाचणे, आणि चिंचोळी एमआयडीसीतल्या औषध कारखान्यांना तिची जास्त गरज आहे. अमेरिकेतल्या पेटंटचा भारतात अर्जच केलेला नसेल, तर ती वस्तू इथे बनवायला आणि विकायला मोकळी असते, तिकडे पाठवायला नसते. भारतीय पेटंट असेल तर नूतनीकरण भरले आहे का आणि त्याच रेणूच्या क्षारावर किंवा स्फटिकरूपावर वेगळा अर्ज आहे का, हे पाहावे लागते. माहीत असलेल्या पदार्थाच्या नुसत्या नव्या रूपाला, परिणामकारकता वाढत नसेल तर, पेटंट न देणाऱ्या कलम ३(डी) चे मोल तिथे कळते. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने इमॅटिनिब या कर्करोगाच्या औषधाच्या स्फटिकरूपावरचा नोव्हार्टिस कंपनीचा दावा याच कलमाखाली फेटाळला. मार्च २०२३ मध्ये पेटंट कार्यालयाने बेडाक्विलिन या क्षयरोगाच्या औषधाच्या फ्युमरेट क्षारावरचा अर्ज नाकारला. विरोध नोंदवणाऱ्यांपैकी दोघी स्वतः क्षयरोगातून बऱ्या झालेल्या होत्या. अर्ज प्रसिद्ध झाल्यानंतर आणि पेटंट मिळण्याआधी कुणालाही असा विरोध करता येतो. व्यापार करारांच्या वाटाघाटीत या दोन तरतुदींना हात लागू देऊ नका, ही मागणी नाही, आग्रह आहे.

महाविद्यालयांबद्दल दोन शब्द, कडू लागले तरी. २०२१ पासून शिक्षणसंस्थांना फीमध्ये ८० टक्के सवलत आहे. चांगलीच गोष्ट. पण मूल्यांकनात गुण मिळतात म्हणून अर्ज टाकायचा, फॉर्म ९ भरून लवकर प्रसिद्ध करून घ्यायचा आणि परीक्षणाची विनंतीच करायची नाही, असा प्रकार वाढला आहे. यात संस्थेचे गुण वाढतात आणि शोध हक्काशिवाय जगजाहीर होतो. ब्रिटनमधल्या डिझाइन नोंदणीची प्रमाणपत्रेही ‘पेटंट’ म्हणून भिंतीवर लागतात. तिथे नोंदणीपूर्वी नावीन्य तपासलेच जात नाही. गुण द्यायचेच असतील तर मिळालेल्या आणि वापरात असलेल्या पेटंटला द्यावेत. यासाठी शिक्षण मंत्रालयाशी आपल्या खात्याने बोलावे. बाजारातही नुसत्या अर्जावर वस्तूवर ‘पेटंटेड’ छापणारे आहेत. कलम १२० खाली त्याचा दंड आता १० लाखांपर्यंत जातो, हे छापणाऱ्याला माहीत नसते.

अधिसूचनेसाठी प्रदर्शनाचे नाव, ठिकाण, आयोजक आणि उद्घाटनाची तारीख एवढेच लागेल. ही यादी जिल्हाधिकारी कार्यालयाकडून मागवता येईल. यंदाच्या गड्ड्याच्या आधी अधिसूचना निघाली, तर या हंगामातल्या स्टॉलधारकांना पुढच्या वर्षाच्या उद्घाटनाच्या आगेमागेपर्यंत अर्ज करायला वेळ मिळेल.

आपले,
पेटंट अर्जांचे काम करणारे सोलापुरातील काही अभियंते, औषधनिर्माणशास्त्राचे शिक्षक आणि यंत्रमागधारक