सगळंच पावलॉव्हच्या कुत्र्याच्या गळ्यात नको

संपादक महोदय,

मुलांच्या हट्टीपणावरचा तुमच्या पुरवणीतला लेख वाचला. विषय चांगलाच आहे, पण त्यात मॉलमधलं रडणं, इंजेक्शनची भीती, मोबाईलची सवय सगळं रशियन शास्त्रज्ञ पावलॉव्ह यांच्या कुत्र्यावरच्या प्रयोगाने समजावलंय, म्हणजे एकाच कुत्र्याच्या गळ्यात बांधलंय आणि उपायही सरसकट एकच दिलाय, दुर्लक्ष करा. इथे घोळ आहे म्हणून लिहितोय.

पावलॉव्हचा कुत्रा मुद्दाम काही करत नाही हो. मेट्रोनोमची (ठरावीक लयीत वाजणाऱ्या यंत्राची) टिकटिक झाली की खाणं येतं, असं वारंवार घडलं की नुसत्या टिकटिकीलाच लाळ सुटायला लागते, त्यात त्याच्या मर्जीचा काही संबंध नाही. (बाय द वे पावलॉव्हना १९०४ चं नोबेल पचनक्रियेच्या कामासाठी मिळालं, या शोधासाठी नाही.) थॉर्नडाइक आणि स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या प्रयोगांतली पेटीत कोंडलेली मांजरं आणि उंदीर यांचं वेगळं. ते आधी काहीतरी करतात, मग त्याचा परिणाम मिळतो आणि तो परिणाम ठरवतो की पुढच्या वेळी तेच करायचं की नाही. पहिलं रिस्पॉन्डंट (आपोआप होणारं), दुसरं ऑपरंट (परिणामावरून शिकलेलं), आणि ही विभागणी स्किनरने १९३७ मध्येच करून ठेवलीय.

आता इंजेक्शनचंच घ्या, कारण तिथे दोन्ही एकत्र येतात. सुई टोचली, दुखलं, म्हणून पुढच्या वेळी नुसता पांढरा कोट दिसला तरी मुलाची छाती धडधडते, हे रिस्पॉन्डंट. मग ते जोरात किंचाळतं, आईबाबा म्हणतात जाऊदे आज नको, उद्या येऊ, आणि पोराला कळतं की किंचाळलं की सुटका होते, हे ऑपरंट. आता दुर्लक्ष करून किंचाळणं कमी होईल एकवेळ पण धडधड कशी जाणार? त्यासाठी १९२४ मध्ये मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्स यांनी केलं तसं करावं लागतं. पीटर नावाचा छोटा मुलगा सशाला घाबरायचा, तर तो आवडीचं खात असताना ससा लांब ठेवायचा आणि हळूहळू, त्याला झेपेल तसा जवळ आणायचा, असं करत करत शेवटी तो सशाला हात लावायला लागला. घाई केली असती तर उलटंच झालं असतं, आवडीच्या खाण्याचीच भीती बसली असती.

आणि जिथे दुर्लक्ष चालतं, म्हणजे चॉकलेटसाठीचं रडणं वगैरे, तिथेही लेखाने अर्धंच सांगितलंय. दुर्लक्ष सुरू केलं की रडणं बऱ्याचदा आधी वाढतं. नेमकं तेव्हाच पालक कंटाळून चॉकलेट देतात, म्हणजे मूल काय शिकलं, तर अजून जोरात आणि अजून जास्त वेळ रडायचं! कधी दिलं कधी नाही असं ठेवलं तर सवय सुटायला आणखीच कठीण जाते, जुगाराच्या मशीनपुढे माणसं तासन् तास बसतात ती याचमुळे. मोबाईलही याच गटातला, पुढच्या स्वाइपला काय येईल सांगता येत नाही ना.

पुढच्या भागात पालकांना निदान एवढं तरी सांगा की रडण्याच्या आधी काय झालं आणि रडल्यावर मुलाला काय मिळालं हे दोन्ही काही दिवस वहीत लिहून ठेवा, त्यावरून बहुतेक वेळा कळतं कुठला प्रकार आहे ते. आणि घाबरून किंवा दुखतंय म्हणून रडणाऱ्या मुलाकडे दुर्लक्ष करा, हे वाक्य मात्र कृपया मागे घ्या.

आपला,
एक नियमित वाचक